ऑस्प्रेचा ठिपका पाच आठवडे जागचा हलत नाही, याचा अर्थ काय?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधील एका घरट्यावर उपग्रह टॅग (जागा कळवणारे, पाठीवर बांधलेले छोटे यंत्र) लावलेली ऑस्प्रे, म्हणजे मासे खाणाऱ्या शिकारी पक्ष्याची मादी, ऑगस्टच्या अखेरीस निघाली, सप्टेंबरच्या मध्यास सेनेगलच्या किनाऱ्यावर पोहोचली, आणि तेव्हापासून पाच आठवडे नकाशावर तिच्या जागेचे सगळे ठिपके चारेक किलोमीटरच्या एकाच पट्ट्यात पडत आहेत. ती जखमी आहे का, टॅग गळून पडला आहे का, आणि जानेवारीत तिकडे जाण्याचा बेत आहे तर तिला शोधावे कसे व नोंदवावे काय, अशी विचारणा आहे. सोबत गेल्या दहा दिवसांच्या नोंदींचा तक्ता जोडला आहे. उत्तराचा बराचसा भाग त्या तक्त्यातच दडलेला असल्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

मादी सुखरूप आहे. तक्त्यातील रात्रीच्या वेळा पाहाव्यात. सायंकाळी सातपासून पहाटे सहापर्यंतचे सगळे ठिपके किनाऱ्यापासून सुमारे नऊशे मीटर आत, एकमेकांपासून वीस-पंचवीस मीटरच्या आत पडले आहेत, म्हणजे ती रोज त्याच झाडावर, बहुधा त्याच फांदीवर झोपते आहे. सकाळी सातच्या सुमारास ठिपका थेट पाण्याच्या कडेला येतो, दिवसातून एक-दोनदा समुद्रावर जातो, आणि उरलेला सारा दिवस वाळूवरच्या तीन-चार ठराविक जागांमध्ये फिरत राहतो. गळून पडलेल्या टॅगला सकाळ-संध्याकाळ नसते. त्याचेही ठिपके नकाशावर थोडे विखुरलेले दिसतात, कारण जीपीएसच्या मोजणीत काही मीटरांची चूक असतेच. पण ते एका बिंदूभोवती सगळ्या दिशांना सारखे विखुरतात आणि त्यांचा घड्याळाशी काही संबंध नसतो. म्हणून ठिपक्यांचा पट्टा किती मोठा आहे, यापेक्षा त्या पट्ट्याला दिवस आणि रात्र आहे का, हे आधी पाहावे. एक सोय अशी की सेनेगल, गांबिया, गिनी-बिसाऊ आणि मॉरिटानिया या चारही देशांची वेळ टॅगमधल्या यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेशी तंतोतंत जुळते, त्यामुळे तक्त्यातले सात म्हणजे तिथले सकाळचे सातच.

आता ती हलत का नाही, याविषयी. उन्हाळ्यात घरट्यावर ज्यांनी ऑस्प्रे पाहिली आहे त्यांच्या डोळ्यांपुढे सतत मासे आणणारा नर, पिल्लांना भरवणारी मादी आणि घुसखोरांमागे धावणारी जोडी असते. हिवाळ्यात यातले काहीच नसते. पक्षी एकटा असतो. पोट एकट्याचे असते आणि त्यासाठी दिवसाला तीन-चारशे ग्रॅम मासा पुरतो, म्हणजे मध्यम आकाराची एक बोय किंवा दोन लहान मासे. ते मिळवायला सकाळचा तासभर पुष्कळ होतो. मग उरलेला दिवस बसून राहणे, पिसे साफ करणे, ऊन-वारा पाहून जागा बदलणे, एवढेच. उडण्याच्या मोठ्या पिसांची झड आणि नवी पिसे येणे हे कामही बऱ्याच अंशी याच मुक्कामात उरकायचे असते, आणि अर्धवट वाढलेल्या पिसांनी विनाकारण उडणे कोणत्याच शिकारी पक्ष्याला परवडत नाही. मी संपूर्ण दिवस एकाच पक्ष्यावर नजर ठेवून बसलो आहे, अशा दिवसांच्या वहीत ‘बसलेली आहे’ याखेरीज पानेच्या पाने दुसरे काही लिहिलेले नाही. नवशिक्या निरीक्षकाला हे कंटाळवाणे वाटते; अनुभवी माणसाला तेच तब्येत चांगली असल्याचे लक्षण वाटते.

प्रौढ ऑस्प्रे दर हिवाळ्यात त्याच जागी परतते, आणि ‘त्याच जागी’ याचा अर्थ त्याच देशात किंवा त्याच खाडीत एवढाच नसून पुष्कळदा त्याच ओंडक्यावर असा असतो. इंग्लंडमधल्या रटलंड वॉटरच्या ऑस्प्रे प्रकल्पात २०१३ साली टॅग लावलेली ३०(०५) ही मादी याचे प्रसिद्ध उदाहरण आहे (पायातल्या रिंगचा क्रमांक ३० आणि ती घातल्याचे वर्ष २००५, म्हणून हे नाव). सेनेगलच्या उत्तर किनाऱ्यावर लोम्पूलजवळ तिचा मुक्काम असे, आणि दरवर्षी ती तिथेच परतत असे. जोडीदार मात्र सोबत नसतो. उन्हाळाभर एका घरट्यावर राहणारे नर-मादी वेगवेगळ्या दिवशी निघतात आणि हिवाळा एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर काढतात. वसंतात घरटे हाच त्यांचा भेटीचा पत्ता असतो.

इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. टॅग येण्यापूर्वी ऑस्प्रेच्या हिवाळी मुक्कामाविषयीचे आपले ज्ञान जवळजवळ सर्वस्वी पायातल्या धातूच्या रिंगांवर अवलंबून होते, आणि त्या रिंगा परत मिळायच्या त्या बहुतांशी मेलेल्या पक्ष्यांच्या. कोणी गोळी घातली, कोणाच्या जाळ्यात अडकला, कोणाला किनाऱ्यावर मेलेला सापडला, आणि त्या माणसाने पत्र लिहिण्याची तसदी घेतली, तर एक नोंद वाढायची. म्हणजे तो नकाशा ऑस्प्रे कुठे राहतात याचा नसून, ऑस्प्रे मेल्यावर माणसांना कुठे सापडतात याचा होता. स्वीडनमध्ये १९९५ पासून आणि स्कॉटलंडमध्ये पक्षी-अभ्यासक रॉय डेनिस यांनी १९९९ पासून उपग्रह टॅग लावायला सुरुवात केल्यावर प्रथमच जिवंत पक्ष्याचा हिवाळा दिवसागणिक दिसू लागला. त्यातून कळले की सगळे आफ्रिकेत जातही नाहीत. डेनिस यांची बिआट्रिस ही मादी दक्षिण स्पेनमध्येच थांबत असे, तर लोगी ही दुसरी मादी थेट गिनी-बिसाऊजवळच्या बिजागोस द्वीपसमूहापर्यंत जात असे.

तक्ता वाचताना टॅग कोणत्या जातीचा आहे ते माहीत असले पाहिजे, नाहीतर नसती भीती उत्पन्न होते. जुने टॅग केवळ अर्गोस या १९७८ पासून चालू असलेल्या उपग्रह यंत्रणेवर चालत. वरून जाणाऱ्या उपग्रहाला पोहोचणाऱ्या लहरींच्या वारंवारितेत होणाऱ्या बदलावरून पक्ष्याची जागा काढली जाई, आणि प्रत्येक नोंदीला एक दर्जा दिलेला असे. सर्वोत्तम दर्जाच्या नोंदीत चूक अडीचशे मीटरच्या आत, त्याखालच्या दर्जात पाचशे मीटरपर्यंत आणि त्याखालच्या दर्जात दीड किलोमीटरपर्यंत असू शकते. त्यामुळे अशा तक्त्यात पक्षी मध्यरात्री समुद्रात दोन किलोमीटर आत बसलेला दिसला तर घाबरू नये. आधी दर्जाचा रकाना पाहावा. नंतरच्या सौर टॅगमध्ये जीपीएस आले आणि चूक दहा-वीस मीटरवर आली. तो टॅग साधारण तीस ग्रॅमचा असतो, पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांहून तो जड असू नये असा संकेत आहे, आणि दीड किलोच्या मादीला तो सहज पेलतो. अलीकडचे टॅग नोंदी साठवून ठेवतात आणि मोबाइलच्या जाळ्यातून पाठवतात. हे टॅग तपशिलाच्या बाबतीत फारच सरस आहेत, दर काही मिनिटांची जागा, उंची आणि वेग ते देतात. पण पक्षी मोबाइल मनोऱ्याच्या टप्प्याबाहेर गेला की गप्प होतात. बिजागोसच्या बाहेरच्या बेटांवर हिवाळा काढणारा पक्षी आठवडेच्या आठवडे मुका राहतो, आणि मग एखाद्या दुपारी वस्तीच्या बेटावरून उडत गेला की शेकडो नोंदी एकदम येऊन पडतात. अशा टॅगची शांतता म्हणजे मृत्यू असे समजून शोकसंदेश लिहिणारे लोक मी पाहिले आहेत, आणि एकदा तर मीच लिहिला होता.

खरी काळजी कधी करावी? बॅटरीचा दाब (व्होल्टेज) सलग उतरत जाणे हे पहिले चिन्ह आहे, कारण त्या किनाऱ्यावर ऑक्टोबरनंतर पाऊस नसतो आणि सौर पट्टीला ऊन भरपूर मिळते. पक्षी पाठीवर पडला किंवा टॅग झुडपाखाली गेला तरच ती पट्टी उपाशी राहते. अर्थात पाठीची पिसे पट्टीवर आल्यानेही काही पक्ष्यांच्या बॅटऱ्या मंदावतात, म्हणून हे एकच चिन्ह पुरेसे नाही. दाब उतरतो आहे, दिवस-रात्रीचा फरक संपला आहे आणि समुद्रावर एकही ठिपका नाही, या तिन्ही गोष्टी चार दिवस सलग दिसल्या तर माणूस पाठवावा. आणखी एक चिन्ह अगदी निर्विवाद असते. एका तरुण नराचा ठिपका दोन दिवस खाडीच्या काठावर स्थिर राहिला आणि तिसऱ्या दिवशी डांबरी रस्त्याच्या वळणांना धरून ताशी चाळीस किलोमीटरने निघाला. ऑस्प्रे रस्त्याची वळणे पाळत नाही. तो ठिपका एका गावात जाऊन थांबला, आणि आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा टॅग एका घराच्या खिडकीत, उन्हात, व्यवस्थित पुसून ठेवलेला होता. घरमालक मासेमार होता. पक्षी जाळ्यात अडकून मेलेला मिळाला होता, आणि पाठीवरची वस्तू कोणाची तरी किमती चीज असणार म्हणून त्याने ती जपून ठेवली होती. त्याच्या सांगण्यावर शंका घ्यावी असे काही मला दिसले नाही.

मृत्यूविषयी बोलतो आहोत तर प्रमाणही सांगितले पाहिजे. ऑस्प्रे आणि भोवत्यांच्या (हॅरिअर या शिकारी पक्ष्यांच्या) दोन जाती यांच्या अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रवासाच्या काळातला मृत्यूदर स्थिर मुक्कामाच्या काळापेक्षा सुमारे सहापट आढळला, आणि वर्षभरातले निम्म्याहून अधिक मृत्यू प्रवासातच झाले होते. म्हणजे ज्या पाच आठवड्यांत ठिपका हलला नाही म्हणून चिंता वाटली, ते तिच्या वर्षातले सर्वांत निर्धोक आठवडे होते. चिंता करायचीच तर ती सहारा ओलांडत असतानाच्या दिवसांची करायला हवी होती.

हे सारे प्रौढ पक्ष्याबद्दल झाले. पहिल्या वर्षाच्या पिल्लाचा नकाशा पूर्णपणे वेगळा दिसतो आणि तो प्रौढाच्या मापाने मोजू नये. पिल्लू आयुष्यात प्रथमच, एकटे, कोणीही वाट न दाखवता तिथे पोहोचते तेव्हा चांगल्या जागांवर आधीच मालक बसलेले असतात. ते एका खाडीत दोन दिवस राहते, तिथली प्रौढ मादी त्याला हुसकावते, ते पुढच्या खाडीत जाते. कधी दोनशे किलोमीटर दक्षिणेला जाऊन पुन्हा उत्तरेला येते. डिसेंबर-जानेवारीपर्यंत ठिपके एखाद्या पट्ट्यात गोळा होऊ लागले तर जागा मिळाली असे समजावे. एप्रिलमध्ये ते उत्तरेला निघाले नाही म्हणून निराश होण्याचेही कारण नाही, कारण पहिला उन्हाळा ते आफ्रिकेतच काढते आणि साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, कधी तिसऱ्या वर्षी, प्रथम मायभूमीला परतते. त्याआधी त्यांतील बहुतेक दगावतात, हे मात्र खरे आहे.

आता जानेवारीतल्या भेटीविषयी. आपली मादी ज्या पट्ट्यात आहे तो डकार आणि सें-लुई यांच्यामधला लांबलचक सरळ किनारा आहे. नकाशावर तो ओसाड वाळूची एक रेघ दिसतो, पण प्रत्यक्षात समुद्राकडून आत जाताना तीन पट्टे लागतात. आधी ओल्या वाळूचा, लाटा जोरात फुटणारा किनारा. मग वाळूच्या टेकड्यांवर सुरूच्या झाडांची दाट पट्टी, जी विसाव्या शतकाच्या मध्यापासून वाळू थोपवण्यासाठी मुद्दाम लावली गेली आणि जिला तिथे ‘फिलाओ’ म्हणतात. आणि तिच्यामागे ‘निआय’ नावाच्या सखल, ओलसर खोलगट जागा, जिथे कांदा, कोबी, टोमॅटो यांचे मळे आहेत. आपल्या मादीचे रात्रीचे नऊशे मीटर या सुरूच्या पट्टीच्या आतल्या कडेला पडतात, जिथे समुद्राचा वारा अडतो. दिवसा ती वाळूवर असते, आणि तिथे बसायला झाड नसल्याने समुद्राने आणून टाकलेले ओंडके, जुन्या होडीची फळी, सुरूचा उन्मळून पडलेला बुंधा, एवढ्याच उंच जागा तिला मिळतात. ज्या बुंध्यावर ऑस्प्रे रोज बसते तो लांबूनही ओळखू येतो: वरचा भाग विष्ठेने पांढरा, खाली वाळूत माशांच्या शेपट्या आणि कल्ल्यांची हाडे, आणि त्यांच्याभोवती फिकट खेकड्यांची बिळे. त्या खेकड्यांचे पोट या बुंध्यावरच चाललेले असते.

तिथे सकाळ कशी जाते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. उजाडल्यावर ती सुरूच्या पट्टीवरून येते आणि लाटा फुटतात त्याच्या पलीकडे, वीस-पंचवीस मीटर उंचीवर, वाऱ्याकडे तोंड करून फिरू लागते. मध्येच थांबते, पंख फडफडवत एका जागी तरंगते, मान खाली, पाय सैल. पुढे सरकते, पुन्हा थांबते. मग पंख मागे घेऊन खाली येते आणि शेवटच्या क्षणी पाय डोक्याच्या पुढे फेकून पाण्यात शिरते. मीटरभराहून खोल ती जाऊ शकत नाही, म्हणून पृष्ठभागाजवळ फिरणाऱ्या बोया आणि लांब चोचीचे टोळ मासे तिच्या वाट्याला जास्त येतात. पाण्यातून उठताना दोन-तीन जड फटके, मग हवेतच कुत्र्यासारखे अंग झटकणे, आणि मासा दोन्ही पायांत एकामागे एक धरून त्याचे डोके पुढे करणे, म्हणजे वारा कमी लागतो. तळव्यांवर काट्यांसारखे खरखरीत उंचवटे असतात आणि बाहेरचे बोट मागे वळते, त्यामुळे निसटता मासाही पकडीत राहतो. बुंध्यावर आल्यावर ती लगेच खात नाही. आधी आजूबाजूला पाहते, कारण घारी आणि कावळे तेवढ्यासाठीच टपलेले असतात. नंतर तोंडाकडून खायला सुरुवात करते आणि मोठा मासा असेल तर तास-दीड तास लावते. खाऊन झाल्यावर पुष्कळदा ती पाण्यावरून अगदी खालून उडत जाते आणि पाय पाण्यात ओढत नेते. पाय धुण्याची ही तऱ्हा पाहिली की त्या दिवशीची मोठी घडामोड आटोपली असे समजून आपणही न्याहारी करायला हरकत नाही.

दक्षिणेकडचे मुक्काम वेगळ्या प्रकृतीचे आहेत. सेनेगलमधल्या सालूमच्या त्रिभुज प्रदेशात, गांबियाच्या खाड्यांत आणि बिजागोसमध्ये खारफुटी आहे, फुटणाऱ्या लाटा नाहीत, आणि शिकारीची वेळ घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर ठरते. तिथे पाणी उथळ झाले की मासे अरुंद वाटांमध्ये गोळा होतात, म्हणून एक दिवस सकाळी आठला तर चार दिवसांनी अकराच्या पुढे शिकार दिसेल. अशा जागी तक्त्यावर भरती-ओहोटीची वेळ लिहिल्याशिवाय ठिपक्यांचा अर्थ लागत नाही. तिथे आफ्रिकन मत्स्यगरुडही असतो आणि तो ऑस्प्रेचा मासा हवेत हिसकावतो.

तिला शोधताना सर्वांत मोठा धोका ती न सापडण्याचा नसून दुसरीच सापडण्याचा आहे. त्या किनाऱ्यावर चांगल्या पट्ट्यात दर काहीशे मीटरवर एक ऑस्प्रे बसलेली असते, आणि ठिपक्यावर पोहोचल्यावर जी पहिली दिसेल ती आपलीच असे मन लगेच मानून टाकते. मी स्वतः दोन सकाळी एका मादीच्या नोंदी अत्यंत निष्ठेने केल्या: बैठक, वेळ, मासा, सर्व काही. ठिपक्याशी जागा दहा मीटरांच्या आत जुळत होती. तिसऱ्या सकाळी तिने एक पाय पोटात घेतला, दुसरा दिसला, आणि त्यात काळी रिंग होती, म्हणजे पक्षी जर्मनीचा. आमची मादी चारशे मीटर उत्तरेला होती. तो बुंधा त्या दोघी वेळ वाटून वापरत होत्या. तेव्हापासून मी नियम केला आहे की रिंग वाचल्याशिवाय किंवा पाठीवरची अँटेना दिसल्याशिवाय वहीत पक्ष्याचे नाव लिहायचे नाही, फक्त ‘एक मादी’ असे लिहायचे. इंग्लंड आणि वेल्समधल्या पक्ष्यांची निळी रिंग उजव्या पायात असते आणि स्कॉटलंडमधल्यांची डाव्या पायात, हे पाठ करून जावे, कारण अक्षरे वाचता आली नाहीत तरी पाय कोणता एवढे कळले तरी निम्मे काम होते. टॅग पिसांत बुडालेला असतो आणि सहसा दिसत नाही. खांद्यांमधून वर आलेली बारीक तार मात्र आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते. रिंग वाचायला साठपट मोठे दाखवणारी दुर्बीण लागते, आणि तीही सकाळी दहापर्यंतच उपयोगी पडते. त्यानंतर वाळूवरची हवा उकळू लागते आणि ३, ८ आणि बी यांत फरक राहत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येकडून हरमॅटन हा कोरडा वारा वाहू लागला की हवेत सहाराची धूळ असते. त्या दिवशी रिंगचा नाद सोडून द्यावा.

जवळ किती जावे? ती मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागली की तेच अंतर जास्तीत जास्त. उडाली तर चूक आपली झाली. माशावर बसलेली उडाली तर ती चूक दुप्पट, कारण तो मासा घारीच्या पोटात जातो. मी वाळूच्या टेकडीच्या आडून, अडीचशे-तीनशे मीटरवर बसतो. ज्या वाटेने मासेमार रोज ये-जा करतात त्या वाटेने चालावे, कारण त्यांच्या चालण्याला पक्षी सरावलेले असतात.

नोंदवायचे काय, तर जे ठिपका सांगू शकत नाही ते. जागा आणि वेळ टॅग लिहितोच आहे, ती पुन्हा वहीत उतरवण्यात अर्थ नाही. कोणता मासा, साधारण किती लांब, किती प्रयत्नांत मिळाला, कोणी हिसकावला का; शेजारी कोणत्या ऑस्प्रे आहेत, त्यांच्या रिंगा कोणत्या, कोण कोणाला उठवते; उडताना पंखांतली कोणती पिसे अर्धी वाढलेली दिसतात; छातीवरची, पट्ट्याजवळची पिसे घासलेली आहेत का. ही शेवटची नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टॅगचा पट्टा आपण तिच्या अंगावर बांधला आहे, आणि तो तिला काचत नाही ना, हे पाहण्याची संधी वर्षातून अशी क्वचितच मिळते. पट्ट्याची शिवण सुती दोऱ्याची ठेवतात ती यासाठीच, की काही वर्षांनी दोरा कुजावा आणि टॅग आपोआप पडावा. मासा नेमका ओळखता येत नसेल तर ती बुंध्यावरून गेल्यावर खाली पडलेली शेपटी उचलावी आणि जवळच्या रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांना दाखवावी. ते बघताक्षणी नाव सांगतात, आणि त्याच्याबरोबर तो मासा या महिन्यात किनाऱ्याजवळ का आला आहे हेही सांगतात, जे कोणत्याही तक्त्यात नसते.

या लोकांशी आधी बोलावे, पक्ष्याकडे नंतर जावे. दुर्बीण तिवईवर लावून तासन्‌तास एका दिशेला पाहणारा परका माणूस कोणत्याही किनाऱ्यावर संशयास्पदच दिसतो. मी मादीच्या प्रवासाचा छापील नकाशा खिशात ठेवतो: वर घरटे, खाली हा किनारा, मध्ये वाळवंट ओलांडणारी रेघ. सुमारे पाच हजार किलोमीटरची ती रेघ आपल्या गावापाशी संपते हे पाहिल्यावर भाषेची अडचण बरीच कमी होते, आणि दुसऱ्या दिवसापासून मुले स्वतःहून सांगत येतात की पक्षी आज कोणत्या ओंडक्यावर आहे. गावात एखादा माणूस असा जोडला गेला की पुढे वर्षभर ठिपका अडखळला तर फोन करून विचारता येते. राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत, उदाहरणार्थ जुज किंवा सालूम येथे, परवानगी आणि तिथला वाटाड्या लागतो, हे वेगळे सांगायला नको.

नेमके ठिकाण मात्र चालू हंगामात कोणालाही दाखवू नये. इतक्या ठराविक जागी बसणाऱ्या पक्ष्याचा अचूक ठिपका उघड करणे म्हणजे त्याच्या दाराची किल्ली टांगून ठेवणे आहे. मी स्वतः नकाशा काही आठवडे मागे ठेवून आणि रात्रीच्या झाडाचे ठिपके वगळूनच इतरांना देतो.

जानेवारीत तिला पाहून परत आल्यावर फेब्रुवारीत पुन्हा काहीच घडणार नाही. मार्चच्या सुरुवातीपासून तक्त्यात एक बदल शोधावा: समुद्रावरच्या फेऱ्या वाढू लागतात, कधी दिवसाला तीन-तीन, कारण आता तिला प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायची असते. मग एखाद्या दिवशी नेहमीप्रमाणे ती सकाळी बुंध्यावर येईल, मासा खाईल, आणि नऊ-दहाच्या सुमारास, जमीन तापून हवा वर चढू लागली की, ठिपका किनारा धरून उत्तरेला सरकलेला दिसेल. त्या रात्रीचा ठिपका सुरूच्या त्या झाडावर नसला तर मॉरिटानियाच्या नकाशाचे पान उघडून ठेवावे.